सुपारी, पेटी, खोका : सिनेमात टोळीचा पैसा कुठून शिरतो आणि कलाकार तो कसा थोपवतात

श्रीवर्धनात सुपारी म्हणजे रोठा, बागायतदाराच्या वर्षाच्या कमाईचं माप. नमन-खेळ्यांच्या मंडळाला किंवा ऑर्केस्ट्रावाल्याला सुपारी म्हणजे प्रयोग ठरल्याची खूण, हातावर ठेवलेली आगाऊ रक्कम. आणि मुंबई गुन्हे शाखेच्या कागदांत सुपारी म्हणजे माणूस मारायचं कंत्राट. पेटीचंही तसंच. देवगडात पेटी हापूसची, दशावतारात पेटी सुरांची, टोळीच्या फोनवर पेटी म्हणजे एक लाख आणि खोका म्हणजे एक कोटी.

शब्द जुळले, कारण व्यवहाराची रीत जुळत होती. कागद नाही, पावती नाही, शब्द दिला की ठरलं. शब्द मोडला तर मात्र अडचण. कोर्टात जायला कागद लागतो आणि तोच नसतो. मग वसुलीला माणूस लागतो. हिंदी सिनेमात टोळ्या घुसल्या त्या या फटीतून. पिस्तूल नंतर आलं, आधी आली ती उधारी.

आधी सोनं, मग सिनेमा

महाराष्ट्राचा किनारा पूर्वापार ७२० किलोमीटर मोजला जातो आणि त्यात दर काही कोसांवर खाडी आहे. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने खाजगी माणसाला सोन्याच्या लगडी बाळगायला बंदी घातली, आयात तर त्याआधीपासूनच बंद. देशातला भाव आणि दुबईचा भाव यांत जी तफावत पडली तीच तस्करांची कमाई. माल मोठ्या लाँचने यायचा, खोल समुद्रात छोट्या होड्यांत उतरायचा आणि भरती बघून खाडीत शिरायचा. याला किनाऱ्यावर आजही ‘लँडिंग’ म्हणतात. बिस्किटं दहा-दहा तोळ्यांची, म्हणजे प्रत्येकी ११६.६४ ग्रॅम. होडीवाल्याला आणि ओझी वाहणाऱ्याला रात्रीची मजुरी मिळे, नफा मुंबई-दुबईत राही. कोकणातल्या गावांना ‘तस्करांची गावं’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलेला दिसत नाही.

पैसे पोचायचे हवाल्याने. इथे रोख द्यायची, तिकडच्या माणसाला खूण कळवायची (बहुधा एखाद्या नोटेचा नंबर), आणि ती खूण दाखवणाऱ्याला दुबईत रक्कम मिळायची. प्रत्यक्ष पैसा सरहद्द ओलांडतच नाही. दोन बाजूंच्या दलालांचा हिशेब मागाहून मालाने किंवा उलट्या हवाल्याने मिटतो.

१९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. १९९२ मध्ये परदेशातून येणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून ५ किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली. तफावत आटली, तस्करीचं गणित बिघडलं. टोळ्यांकडे माणसं होती, होड्या होत्या, हत्यारं होती, हवाल्याची साखळी होती. माल तेवढा उरला नव्हता. त्याच साखळीतून फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले. या खटल्याची झळ सिनेमालाही लागली. संजय दत्तला शस्त्रास्त्र कायद्याखाली दोषी धरलं गेलं आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून सहा वर्षांची शिक्षा पाचवर आणली.

मुंबईच्या बाजूला आणखी एक गोष्ट घडून गेली होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. यांतली असंख्य घरं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली. गिरणगावातल्या चाळींतून टोळ्यांना पोरं मिळाली ती या काळात. त्याच चाळींतले दुसरे तरुण नमन, जाखडी, शक्ती-तुरा जगवत होते, परळच्या दामोदर नाट्यगृहात प्रयोग लावत होते. एकाच खोलीतला एक भाऊ मृदंगावर आणि दुसरा ‘कामावर’, असं चित्र तेव्हा नवलाचं नव्हतं.

तीन टक्क्यांचं गणित

टोळीला सिनेमाच का हवा होता, हे कळायला निर्मात्याची वही बघावी लागते.

सरकारने चित्रपटसृष्टीला उद्योगाचा दर्जा द्यायचं १९९८ मध्ये जाहीर केलं. त्यावेळी माहिती व नभोवाणी मंत्री सुषमा स्वराज होत्या. बँकांच्या कर्जासाठी लागणारी अधिसूचना निघाली ती ऑक्टोबर २००० मध्ये. तोवर बँकेच्या दृष्टीने सिनेमा म्हणजे जुगार. निर्माता जायचा फायनान्सरकडे, आणि बाजारातला दर महिन्याला सांगितला जायचा, वर्षाला नाही. ‘तीन टक्के’ ऐकायला हलकं वाटतं. एक कोटीवर तीन टक्के म्हणजे महिन्याला ३ लाख, वर्षाला ३६ लाख. चित्रपट बारा महिन्यांत न होता अठरा महिने रेंगाळला तर ५४ लाख नुसतं व्याज. आणि रेंगाळायला कारण लागतंच कुठे? कोकणात बाहेरचं चित्रीकरण मे अखेर उरकलं नाही की जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, पुढचे चार महिने सगळं ठप्प. सेट कुजतो, नटाच्या तारखा दुसरीकडे जातात, व्याजाचं मीटर चालूच.

फायनान्सरचं तारण काय? तर चित्रपटाची मूळ फिल्म, म्हणजे निगेटिव्ह. ती प्रयोगशाळेत असायची आणि प्रयोगशाळा फायनान्सरला पत्र द्यायची की तुमच्या ना-हरकतीशिवाय प्रिंट काढणार नाही. याला ‘लॅब लेटर’ म्हणत. प्रदर्शनाच्या आदल्या गुरुवारी रात्री प्रिंटसाठी अडलेले निर्माते ही तेव्हाची नेहमीची गोष्ट होती. आता निगेटिव्ह गेली, तिच्या जागी डिजिटल चावी आली; चित्रपटगृहाच्या सर्व्हरला ती मिळाल्याशिवाय पडद्यावर काही उमटत नाही. अडवायची जागा बदलली, अडवायची रीत तीच.

या साखळीत टोळीला शिरायला चार दारं होती. पहिलं, थेट कर्ज. खंडणीची रोख रक्कम फायनान्सरच्या नावाने चित्रपटात घालायची आणि तिकीटविक्रीतून स्वच्छ होऊन परत घ्यायची. पडेल चित्रपटसुद्धा या कामाला चालतो, कारण रिकाम्या खुर्च्यांचीही तिकिटं कागदावर विकता येतात.

दुसरं दार परदेशी हक्कांचं. नव्वदच्या दशकात आखात, इंग्लंड, अमेरिकेत हिंदी चित्रपट चालू लागले. कागदावर हक्काची किंमत कमी दाखवायची, उरलेलं रोखीत. टोळीचं बस्तान दुबईत, म्हणजे कॅसेटचं वितरणही हाताशी आणि चोरट्या कॅसेटींचा कारखानाही. हक्क दिले नाहीत तर प्रदर्शनाच्या दिवशीच चोरटी प्रत बाजारात, ही धमकी पिस्तुलाइतकीच कामाची होती.

तिसरं, संगीत. कॅसेटचा धंदा लाखो छोट्या रोख विक्रींचा, त्यामुळे खंडणीला सोयीचा. १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरीत मंदिराबाहेर गुलशन कुमार यांची हत्या झाली ती याच पार्श्वभूमीवर.

चौथं दार बाहेरच्याला दिसत नाही, ते म्हणजे नटाच्या तारखा. वरचं व्याजाचं गणित पुन्हा बघा. मोठ्या नटाचे सलग वीस दिवस मिळाले तर चित्रपट चार महिने आधी संपतो, म्हणजे कोटीमागे १२ लाख वाचतात. तारीख ही वस्तूच झाली, आणि तिची वही ज्याच्या हातात तो सेक्रेटरी धोक्यात आला. ३० जून २००१ ला मनीषा कोइरालाचे सेक्रेटरी अजित देवानी यांना गोळ्या घालून मारलं गेलं. नटाला अंगरक्षक असतो, सेक्रेटरीला नसतो.

दुबई-शारजातल्या ‘स्टार नाइट’ आणि पार्ट्यांच्या फोटोंबद्दल आजही चवीने बोललं जातं. त्यात हौस असणारेही होते, हे नाकारायचं कारण नाही. पण ज्याला आयोजकाचं नाव विमानात बसल्यावर कळलं आणि स्टेजवर न जाण्याची किंमत ठाऊक होती, त्याला आणि हौशीने जाणाऱ्याला एकाच फोटोवरून एकाच पंगतीत बसवणं अन्यायाचं आहे.

साक्षीदार उभा राहतो तेव्हा

१९९७ मध्ये गुलशन कुमार यांच्याआधी निर्माते मुकेश दुग्गल मारले गेले, दिग्दर्शक राजीव राय यांच्यावर हल्ला झाला आणि ते देश सोडून गेले. २१ जानेवारी २००० ला राकेश रोशन यांच्यावर सांताक्रूझला गोळ्या झाडल्या गेल्या. मुलाचा पहिला चित्रपट लागून जेमतेम आठवडा झाला होता. ते वाचले, पुन्हा काम करू लागले आणि २००३ मध्ये पुन्हा मोठा चित्रपट घेऊन उभे राहिले.

अशा माणसांच्या हिमतीबद्दल खूप लिहिलं गेलं. खटले मात्र हिमतीवर चालत नाहीत, साक्षीवर चालतात. गुलशन कुमार खटल्यात २००२ मध्ये १९ पैकी १८ आरोपी सुटले आणि एकाला जन्मठेप झाली. त्या सुटलेल्यांपैकी एकाला मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दोषी ठरवलं, म्हणजे घटनेनंतर २४ वर्षांनी.

याच्या उलट चित्र दिसलं ते दुसऱ्या खटल्यात. डिसेंबर २००० मध्ये निर्माता नझीम रिझवी आणि जानेवारी २००१ मध्ये हिरे व्यापारी व फायनान्सर भरत शहा यांना, टोळीचा पैसा चित्रपटात आल्याच्या आरोपावरून, मोक्काखाली (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) अटक झाली. पोलिसांकडे फोनवरच्या संभाषणांच्या ध्वनिफिती होत्या. पण साक्षीची वेळ आली तेव्हा चित्रपटसृष्टीतले बरेच साक्षीदार आपल्या जबाबापासून फिरले. प्रीती झिंटा फिरली नाही. ५० लाखांच्या मागणीचा आणि धमकीचा फोन आल्याचं तिने २००३ मध्ये बंद दाराआड झालेल्या सुनावणीत सांगितलं. रिझवीला सहा वर्षांची शिक्षा झाली. शहा मोक्कातून सुटले, गुन्ह्याची माहिती दडवल्याबद्दल दोषी ठरले. ती शिक्षा कोठडीत काढलेल्या दिवसांतच भरून निघाली.

या साक्षीत धैर्य होतंच. पण तिच्यामागे तीन व्यावहारिक गोष्टीही होत्या, आणि त्या कुणालाही उचलता येण्यासारख्या आहेत: जबाब वेळेत नोंदवलेला होता, सुनावणी बंद दाराआड झाली, आणि साक्ष तिच्या एकटीच्या शब्दावर उभी नव्हती, बाजूला ध्वनिफिती होत्या. एकट्या माणसाच्या शब्दावर खटला टाकला की सगळा भार त्याच्यावर येतो आणि मग तो मोडतो. उलटलेल्या साक्षीदाराला भेकड म्हणण्याआधी त्याच्या जबाबाला दुसरा आधार काय होता, हे विचारायला हवं.

मोक्का म्हणजे नक्की काय

मोक्का हा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा. तो सरसकट लावता येत नाही. टोळीविरुद्ध मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं दाखल होऊन न्यायालयाने दखल घेतलेली असावी लागते, आणि ते गुन्हे तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेचे असावे लागतात. गुन्हा नोंदवण्याआधी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मान्यता, न्यायालयाने दखल घेण्याआधी अपर महासंचालकांची मंजुरी. शिक्षा किमान ५ वर्षं, कमाल जन्मठेप. खून झाला असेल तर फाशीही. दोषारोपपत्राला १८० दिवस मिळतात, जामीन फार अवघड. पोलीस अधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. ही तरतूद धारदार आहे, म्हणून वर दोन कुलपं ठेवली आहेत. व्यवहारात काही प्रकरणं सुटतात ती पुराव्यापेक्षा या कुलपांवर. मान्यता नीट घेतली नाही की कायदाच गळून पडतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारी देशभरासाठी आली. खंडणीसाठी कलम ३०८ आहे, निनावी धमकीसाठी कलम ३५१ मध्ये वाढीव शिक्षा.

बँका, कंपन्या, मल्टिप्लेक्सचे संगणकीकृत गल्ले आणि ओटीटीचे करार आल्यावर टोळीच्या कर्जाची गरज घटली. संपलं असं मात्र नाही. १४ एप्रिल २०२४ ला सलमान खानच्या वांद्र्याच्या घरावर गोळीबार झाला, त्यात मोक्का लागला. आताच्या टोळीला हक्क किंवा तारखा लागत नाहीत. नटाचं नाव पुरतं. एक गोळी झाडली की बातमी होते, आणि त्या बातमीच्या जोरावर कुठल्याही बिल्डरला, बार मालकाला फोन करता येतो. नट इथे ग्राहक नसून जाहिरात आहे.

कोकणातल्या छोट्या निर्मात्याचं काय

इथे कोटींच्या गोष्टी नसतात. मराठी चित्रपट, वेबमालिका, गाण्यांचे अल्बम, दशावतारी कंपन्या, नमन मंडळं, हे सगळं लाखांत चालतं. भाईचा फोन येण्याची शक्यता कमी, पण ती फट तीच: तोंडी व्यवहार, रोख पैसा, आणि हातात रक्कम यायला लागणारा उशीर. मालिकेत काम करणाऱ्याला पैसे ९० दिवसांनी मिळण्याची पद्धत आहे. दशावताराचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि पावसाआधी संपतो; पावसाळ्यात कलाकार मालकाकडून उचल घेतो, मालक सावकाराकडून. सावकार कलमांच्या बागेवर सही घेतो.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ इथे उपयोगी पडतो. परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा, ५ वर्षांपर्यंत कैद. परवानाधारकालाही दर बांधून दिलेत: शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के, बिनतारणी १२, इतरांना १५ आणि १८. महिन्याला तीन टक्के कुठेच बसत नाही. चक्रवाढ व्याज चालत नाही, मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, कोऱ्या कागदावर सही घेता येत नाही. सावकारीत लाटलेली जमीन १५ वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करून परत मिळू शकते, खरेदीखत झालेलं असलं तरी. काही व्यापारी स्वरूपाची कर्जं या कायद्याबाहेर राहतात, म्हणून अर्जाआधी तालुक्याच्या सहायक निबंधकांना कागद दाखवावेत.

दुसरी खबरदारी आयकराची. २० हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेता येत नाही. घेतलं तर तेवढाच दंड. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख स्वीकारता येत नाही. निर्मात्याला ५० हजारांहून जास्त रक्कम दिलेल्या प्रत्येकाचं विवरण आयकर खात्याला द्यावं लागतं. हे नियम कटकटीचे वाटतात, पण धमकीच्या दिवशी तेच ढाल होतात. ज्याच्या वहीत बेहिशेबी रोख आहे तो पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही, आणि हे फोन करणाऱ्याला पक्कं माहीत असतं. बऱ्याच वेळा तो फोन कुणाला करायचा हे त्यावरूनच ठरतं.

करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० चा चालत नाही. त्यात रक्कम आणि तारीख सगळेच लिहितात. विसरतात ते पुढचं: पावसाने किंवा गावातल्या सुतकाने प्रयोग रद्द झाला तर आगाऊ रकमेचं काय, प्रवास कुणाचा, रात्रीचं जेवण कुणाचं, आणि मोबाइलवर चित्रण करून ते यूट्यूबवर टाकायचा हक्क कुणाचा. स्वामित्व हक्क कायद्यात सादरकर्त्याला स्वतःचे हक्क आहेत आणि ते ५० वर्षं टिकतात. संमतीशिवाय प्रयोगाचं व्यापारी चित्रण करता येत नाही. दशावताराची रात्र-रात्र उचलून दुसऱ्याच्या चॅनेलवर जाते आणि कलाकाराला कळतही नाही, हीदेखील लूटच. फक्त तिला हत्यार लागत नाही. चित्रपटगृहात चोरून चित्रण केलं तर २०२३ च्या दुरुस्तीनुसार ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख दंड.

लोकेशनवरची ‘वर्गणी’

गुहागर, हरिहरेश्वर, आचरा, वेंगुर्ला, कुठेही युनिट उतरलं की दुसऱ्या दिवशी चार-पाच जण येतात. गावच्या उत्सवाची वर्गणी मागणं गुन्हा नाही. गाड्या गावातल्याच लावा, जेवण गावातल्या बचत गटाकडून घ्या, असा आग्रहही गुन्हा नाही. तो बऱ्याचदा रास्त असतो, आणि युनिटने तो आधीच मान्य केला तर निम्मी भांडणं होतच नाहीत. ‘दिले नाहीत तर जनरेटर चालू देणार नाही, गाड्या फोडू’ म्हटलं की खंडणी सुरू होते. कायद्याला दोन गोष्टी लागतात: इजेची भीती, आणि त्या भीतीपोटी दिलेला पैसा किंवा वस्तू. नुसती भीती घातली, पैसे दिले गेले नाहीत, तरी ३०८ मध्ये त्याची वेगळी पोटकलमं आहेत.

टाळायचं असेल तर परवानग्या आधी घ्या. महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. किनाऱ्यासाठी मेरीटाइम बोर्ड, संरक्षित किल्ल्यासाठी पुरातत्त्व खातं, राखीव झाडीसाठी वन खातं. ग्रामपंचायतीला दिलेला पैसा ठरावाच्या आधारे आणि क्रमांक असलेल्या पावतीवरच. ‘पावती नंतर देतो’ असं सरपंच म्हणाले तरी पैसेही नंतरच. उद्याचा कॉलशीट (कुणी कुठे किती वाजता हजर राहायचं त्याचा कागद) साऱ्या युनिटच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायची सवय मोडा. विभागप्रमुखांना संध्याकाळी पाठवला तरी काम होतं. धमकी देणाऱ्याला नटाची गाडी, खोली आणि वेळ बहुतेकदा आतूनच कळते, आणि सांगणारा दर वेळी फितूर असतोच असं नाही, बोलघेवडा असला तरी पुरतं.

फोन आलाच तर

बोलणं लांबवा, ‘हो’ म्हणू नका, शिव्या देऊ नका. वेळ, नंबर, नेमके शब्द लगेच कागदावर उतरवा. तासाभराने मेंदू वाक्यं स्वतःच्या भाषेत बदलतो. संदेश पुसू नका, फोन रीसेट करू नका, दुसऱ्याला पुढे पाठवून मूळ संदेश उडवू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असलं तर ते सोपं होतं. नुसता स्क्रीनशॉट देऊन मूळ फोन बदलणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. इंटरनेटवरून केलेल्या फोनला नंबर खोटा दिसू शकतो, तरी मागे आयपी नोंदी राहतात. त्या कंपनीकडून मागवायला वेळ लागतो, म्हणून त्याच दिवशी तक्रार महत्त्वाची.

तक्रार कुठेही करा. घटना मुंबईची आणि तुम्ही मालवणात असाल तरी मालवण ठाण्याला ‘झिरो’ गुन्हा नोंदवून पुढे पाठवावा लागतो. ई-मेलने माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. ठाण्याने तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी, तरीही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. मुंबईत खंडणीविरोधी पथक आहे. जिल्ह्यात हे काम स्थानिक गुन्हे शाखा बघते. तातडीच्या धोक्यात ११२.

थोडे पैसे देऊन प्रकरण मिटवायचा सल्ला सेटवरचा जाणता माणूस देतो, सद्भावनेने देतो, आणि तो चुकीचा असतो. पहिली रक्कम दिल्याने तुमची देण्याची क्षमता आणि गप्प बसण्याची तयारी दोन्ही कळतात. दुसरा फोन सहसा त्यानंतरच येतो.

साक्षीदाराला संरक्षण मागायचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ ला साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. अर्ज जिल्ह्याच्या समितीकडे जातो. अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश, सदस्य जिल्ह्याचे पोलीस प्रमुख, सदस्य सचिव सरकारी अभियोग विभागाचे प्रमुख. पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी कामाच्या पाच दिवसांत धोक्याचा अहवाल देतो. धोका जिवाला असेल तर अ वर्ग, मालमत्तेला किंवा प्रतिष्ठेला इजा असेल तर ब, त्रास-छळापुरता असेल तर क. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपुरतं, पुढे वाढवून मिळतं. घराजवळ गस्त, कॅमेरे, नंबर बदल, कोर्टात ये-जा करताना गाडी, बंद दाराआड साक्ष, हे सगळं मागता येतं. अर्जात घरातल्या प्रत्येकाचं नाव घाला. गावी राहणाऱ्या आईवडिलांना विसरलं जातं, आणि धमकी नेमकी तिथे जाते.

संघटनेचं सभासदत्व असेल तर तक्रारीची प्रत तिथेही द्या. कलाकारांची सिंटा, कामगारांच्या संघटनांचं फेडरेशन, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ. पत्र संघटनेच्या नावाने गेलं की एकटा माणूस लक्ष्य राहत नाही.

आणि सातबारा बघा. वाडा, बंगला किंवा बाग चित्रीकरणाला भाड्याने घेताना मालक म्हणून समोर बसलेल्याचं नाव कब्जेदारात आहे का, ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा, जप्ती किंवा वाद आहे का, शेवटचा फेरफार कधीचा. खेड तालुक्यातलं मुंबके हे दाऊद इब्राहिमचं मूळ गाव. तिथल्या जमिनी तस्करांच्या मालमत्ता जप्त करणाऱ्या १९७६ च्या साफेमा कायद्याखाली लिलावात निघतात. ५ जानेवारी २०२४ च्या लिलावात चारपैकी दोन तुकड्यांना कुणी बोलीच लावली नाही, आणि १५ हजार ४४० रुपये राखीव किंमत असलेल्या जेमतेम १७१ चौरस मीटरच्या तिसऱ्या तुकड्याला २ कोटी १ लाखाची बोली लागली. शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधाला मात्र अजून तोच जुना भाव आहे.